अधिकारावाचून अधिकारी : होरेस मॅन

१८३७ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील बोस्टन शहरात एका नाणावलेल्या वकिलाने आपली कचेरी भाड्याने द्यावयास काढली आणि कायद्याची पुस्तके विक्रीस ठेवली. वय एक्केचाळीस, वकिली भरभराटीत, मॅसॅच्युसेट्स संस्थानच्या वरिष्ठ कायदेमंडळाचे अध्यक्षपद हाती. राजकारणात असाच टिकून राहिला तर गव्हर्नराची गादीही याला दूर नाही, असे त्याचे स्नेही मानीत. अशा मनुष्याने वर्षाला अवघ्या दीड हजार डॉलरांची एक नवी चिटणिशी पत्करली, तेव्हा पुष्कळांना ते वेडेपणाचे वाटले. त्याचे स्वतःचे म्हणणे असे होते की, आजवर आपण एकेका अशिलाची बाजू मांडीत आलो. यापुढे येणारी पिढी हेच आपले अशील. या वकिलाचे नाव होरेस मॅन.

त्याने पत्करलेली जागा मॅसॅच्युसेट्सच्या नव्या शिक्षणमंडळाच्या चिटणिसाची होती. युनायटेड स्टेट्समधील प्रत्येक संस्थान आपल्या शिक्षणाचा कारभार स्वतःच पाहते. मध्यवर्ती सरकारच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखदेखील नाही. तेव्हा या हुद्द्यावर बसलेला मनुष्य त्या संस्थानचा विद्याधिकारीच, असे कोणासही वाटेल. परंतु १८३७ च्या एप्रिलात संमत झालेला कायदा वाचला म्हणजे निराळेच चित्र दिसते. मंडळात गव्हर्नर, दुय्यम गव्हर्नर आणि आणखी आठ सभासद. या मंडळास एकही शाळा उघडण्याचा अधिकार नव्हता. मास्तर नेमण्याचा अगर काढण्याचा अधिकार नव्हता. एखादे पुस्तक लावण्याचा नव्हता, कर बसविण्याचा तर नव्हताच. शाळांची माहिती गोळा करावी, ती लोकांत पसरवावी आणि वर्षातून एकदा कायदेमंडळापुढे अहवाल ठेवावा, एवढेच त्याचे काम. या कायद्यासाठी जेम्स कार्टर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने वर्षानुवर्षे खटपट केली होती आणि चिटणिसाची जागा त्यालाच मिळावयाची, अशी सर्वांची अटकळ होती. परंतु एडमंड ड्वाइट या धनिक गिरणीमालकाने आग्रह धरला तो मॅनसाठी. शाळांच्या जाणकारापेक्षा लोकांचे मन वळविणारा मनुष्य या जागेवर हवा, हा त्यातील हिशेब. आणि तो चुकीचा ठरला नाही.

मॅनचा जन्म ४ मे १७९६ रोजी फ्रँकलिन नावाच्या खेड्यात एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. पंधराव्या वर्षापर्यंत वर्षातून आठ-दहा आठवड्यांपेक्षा अधिक शाळा त्याला कधी मिळाली नाही. उरलेल्या वेळी शेतीचे काम आणि टोप्यांसाठी गवताच्या काड्यांच्या वेण्या घालण्याचे काम. शाळेची उणीव काही अंशी भरून निघाली ती गावच्या ग्रंथसंग्रहामुळे, आणि त्या संग्रहाची हकीकत मोठी गमतीची आहे. बेंजामिन फ्रँकलिन याचे नाव गावाला दिल्यावर गावकऱ्यांनी प्रार्थनामंदिरासाठी त्याच्याकडे एक घंटा मागितली. फ्रँकलिनने घंटेऐवजी पुस्तके धाडली. नादापेक्षा अर्थ बरा, असा त्याने टोला दिल्याचे सांगतात. त्या जुन्या, जड विषयांवरील पुस्तकांवरच मॅन वाढला. पुढे मास्तरांच्या सभांतून गावोगावच्या ग्रंथसंग्रहांचा त्याने जो ध्यास घेतला, त्याचे मूळ येथे आहे.

त्या खेड्याने त्याला दुसरीही एक गोष्ट दिली. तेथील धर्मोपदेशक नथॅनिएल एमन्स हा जुन्या कडव्या पंथाचा. नरकाग्नीचे वर्णन करण्यात त्याचा हात धरणारा मिळणे कठीण. मॅन तेरा वर्षांचा असताना वडील वारले आणि पुढच्याच वर्षी एका रविवारी थोरला भाऊ स्टीफन पाण्यात बुडून मेला. दीक्षेवाचून मरणाऱ्या तरुणांच्या गतीविषयी उपदेशकाने त्या प्रेतसंस्कारातच प्रवचन केले. आईचा तो वेळचा हुंदका मुलाच्या मनातून कधीच गेला नाही. प्रेमळ ईश्वरावर श्रद्धा, परंतु लहान मुलांना धाक घालणाऱ्या धर्माविषयी कायमची चीड, हा त्याचा स्वभाव तेव्हापासून बनला. आणि चिटणिशीच्या काळात त्याला जे सर्वांत कडवे शत्रू भेटले ते याच स्वभावामुळे.

एका फिरत्या पंतोजीच्या हाताखाली सहा महिने अभ्यास करून वयाच्या विसाव्या वर्षी तो ब्राउन विद्यापीठात एकदम दुसऱ्या वर्षाच्या वर्गात गेला आणि १८१९ साली पहिल्या मानाने पदवी घेऊन बाहेर पडला. १८२३ पासून वकिली. १८२७ पासून कायदेमंडळ. तेथे त्याने जी एक मोठी गोष्ट केली ती वेड्यांसाठी. तुरुंगाच्या कोठड्यांतून साखळदंडांत पडलेल्या वेड्यांकरिता सरकारी खर्चाने इस्पितळ बांधावे, हा ठराव त्याने मंजूर करून घेतला आणि १८३३ साली वूस्टर येथे ते इस्पितळ उघडले. त्याच सुमारास, १८३२ च्या ऑगस्टात, लग्नाला दोन वर्षेही पुरी झाली नसता त्याची पत्नी शार्लट वारली. या आघाताने तो पुढे कित्येक वर्षे खचून गेला होता. नव्या चिटणिशीत त्याने जो रात्रंदिवस उद्योग आरंभिला, त्यात दुःख विसरण्याची धडपडही होती, असे त्याची रोजनिशी वाचणाऱ्यांना वाटते.

आता त्याच्यापुढे होते काय, ते पाहू. मॅसॅच्युसेट्सला आपल्या शाळांचा मोठा अभिमान. पन्नास घरांच्या प्रत्येक गावाने मुलांना लिहिणे-वाचणे शिकविण्यास मास्तर ठेवावा, असा कायदा त्या वसाहतीने १६४७ सालीच केला होता. परंतु दोनशे वर्षांत त्या व्यवस्थेची पार रया गेली. गावाचे तुकडे पाडून प्रत्येक वाडीला आपापली शाळा चालविण्याची मुभा मिळाली. वाडीचा पंच आपल्या भाच्याला अगर मेहुण्याला मास्तर म्हणून नेमी, आणि स्वस्तात स्वस्त मिळेल तो मास्तर चांगला, हा साधारण नियम. हिवाळ्यात थोराड मुले येत म्हणून पुरुष, उन्हाळ्यात लहान मुले येत म्हणून बाई. मास्तराने विद्यार्थ्यांच्या घरी आळीपाळीने जेवावे-राहावे, हाही पगाराचाच भाग. शाळेची इमारत म्हणजे रस्त्याच्या कडेला कोणालाही नको असलेल्या जागेवर उभी केलेली एक खोली; बाकांना पाठ नाही, खिडक्यांतून वारा, चुलीजवळची मुले भाजत आणि दूरची गारठत. प्रत्येक मूल घरात सापडेल ते पुस्तक घेऊन येई. सुखवस्तू लोकांनी तर या शाळांची आशाच सोडली होती. त्यांची मुले खाजगी विद्यालयांत जात आणि गावच्या शाळेला कराचा पैसा देणे त्यांच्या जिवावर येई. एखाद्या गावात शाळा कशी चालते, हे शेजारच्या गावाला ठाऊक नसे. सबंध संस्थानात काय चालले आहे, हे तर कोणालाच ठाऊक नव्हते.

ते ठाऊक करून देणे एवढेच ज्याचे काम, त्याने ते अशा तऱ्हेने केले की त्यातूनच शक्ती निर्माण झाली. १८३७ च्या शरदात मॅन घोड्यावर बसून निघाला व जिल्ह्याजिल्ह्यांत सभा घेऊ लागला. कोठे दिवाणखाना भरे, कोठे मोजकी डोकी जमत. राजकीय सभांना लोटणारी गर्दी मुलांच्या नावाने जमत नाही, ही खंत त्याच्या टिपणांतून वारंवार दिसते. हे दौरे सरतेशेवटपर्यंत चालू होते. पुढे काही वर्षांनी पिट्सफील्ड येथे मास्तरांसाठी वर्ग भरावयाचा होता; सकाळी पाहतात तो शाळेची खोली झाडलेलीदेखील नाही. चिटणीस मॅन व त्याच्यासमवेत आलेले गव्हर्नर ब्रिग्ज यांनी शेजारच्या घरातून केरसुण्या मागून आणल्या आणि मास्तरमंडळी येण्यापूर्वी दोघांनी मिळून खोली झाडून काढली.

प्रत्येक गावाच्या शाळा-समितीने दरसाल लेखी अहवाल धाडलाच पाहिजे, असा कायदा १८३८ साली झाला. शेकडो गावांचे हे अहवाल मॅन स्वतः वाची आणि त्यांतील उतारे छापून पुन्हा गावोगाव पाठवी. त्याने आणखी एक कोष्टक छापण्यास सुरुवात केली, आणि ते मोठे मर्मभेदक ठरले. चार ते सोळा वर्षांच्या दर मुलामागे कोणत्या गावाने किती पैसा खर्च केला, हे त्यात क्रमवारीने मांडलेले असे. श्रीमंत म्हणून मिरविणारे एखादे गाव यादीच्या तळाशी दिसले की त्या गावच्या पुढच्या सभेत मानी माणसे उठून बोलू लागत. हुकूम देता येत नसला तरी लाज आणता येते, हे वकिली डोक्याला बरोबर उमगले होते. १८३८ च्या नोव्हेंबरात त्याने स्वतःचे ‘कॉमन स्कूल जर्नल’ हे शिक्षणविषयक नियतकालिक सुरू केले व दहा वर्षे चालविले. दिवसाचे पंधरा तास काम हा त्याचा परिपाठ होता.

त्याने बारा वार्षिक अहवाल लिहिले, आणि सरकारी कागदपत्र म्हणजे कंटाळवाणाच असावयाचा हा समज ज्यांनी खोटा पाडला अशा थोड्या लेखनांत त्यांची गणना करावी लागेल. पहिल्या अहवालाला जोडून शाळांच्या इमारतींवर एक स्वतंत्र अहवाल निघाला. त्यात हवा, उजेड, बाकांची उंची यांची चर्चा आणि नमुन्याचे नकाशे. दुसऱ्यात वाचनाचा विचार आहे. वाचनाच्या वर्गातील बारा मुलांपैकी अकरा मुलांना आपण वाचतो त्या शब्दांचा अर्थ समजत नाही, असा हिशेब त्याने समित्यांच्या उत्तरांवरून मांडला. एका अहवालात त्याने असेही नमूद केले की, एका वर्षात तीनशेहून अधिक शाळा मास्तरांच्या नालायकीमुळे अगर मुलांच्या दांडगाईमुळे मुदतीपूर्वीच बंद पडल्या. आणि त्या संस्थानात सार्वजनिक शाळा होत्या सुमारे तीन हजार.

तेव्हा सारे येऊन ठेपले मास्तरांवर. शिकविणे ही शिकण्याजोगी विद्या आहे, ही कल्पनाच त्या काळी अमेरिकेत नवी होती. १८३८ साली ड्वाइटने आपले नाव गुप्त ठेवून दहा हजार डॉलर देऊ केले; अट एवढीच की संस्थानने तितकीच भर घालावी आणि तो पैसा मास्तर तयार करण्यात खर्च व्हावा. कायदेमंडळाने अट मान्य केली. ३ जुलै १८३९ रोजी लेक्सिंग्टन येथे अमेरिकेतील पहिली सरकारी नॉर्मल शाळा उघडली. त्या दिवशी पाऊस पडत होता. प्रवेशपरीक्षेस आल्या फक्त तीन मुली.

या तीन मुलींसमोर उभा राहिला सायरस पीअर्स. नँटकेट बेटावरील चांगली चाललेली शाळा सोडून तो मॅनच्या शब्दावर आला होता. विषय स्वतः शिकवावेत, मुलींनी शिकवून पाहावे, त्यांच्या चुका दाखवाव्यात, जोडीला लहान मुलांची एक शाळा चालवावी, आणि वर पहाटे उठून शेगड्याही आपणच पेटवाव्यात, अशी त्याची तऱ्हा. थोड्याच वर्षांत त्याची प्रकृती ढासळली. त्याच वर्षी बॅरी येथे आणि १८४० साली ब्रिजवॉटर येथे आणखी दोन शाळा निघाल्या. इमारतींना पैसा कमी पडे तेव्हा मॅन स्वतःच्या खिशात हात घाली. कायद्याच्या पुस्तकांचा जो संग्रह विक्रीस काढला होता, त्याचेही पैसे अखेर याच कामी गेले.

आणि हे सारे १८४० साली एका मतदानाने धुळीस मिळण्याची वेळ आली. आदल्या निवडणुकीत मार्कस मॉर्टन हा डेमोक्रॅट पक्षाचा उमेदवार अवघ्या एका मताच्या आधिक्याने गव्हर्नर झाला होता. काटकसरीचे वारे वाहू लागले, आणि कायदेमंडळाच्या शिक्षण-समितीतील बहुमताने शिफारस केली की शिक्षणमंडळ मोडावे, नॉर्मल शाळा बंद कराव्यात आणि दात्याचे पैसे परत करावेत. विरोधकांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. मंडळाला आज अधिकार नसला तरी तो उद्या येईल; गावकीचा हक्क हळूहळू राजधानीकडे जाईल; सर्व मुले एका साच्यातून काढण्याची प्रशियन पद्धत येथे येईल, ही त्यांची भीती होती. पुढील शंभर वर्षांचा जगाचा इतिहास पाहता ती हास्यास्पद म्हणता येत नाही. परंतु त्या वेळी गावकीचा हक्क म्हणजे मेहुण्याला मास्तर नेमण्याचा हक्क, अशीच बहुतेक ठिकाणी स्थिती होती. मत घेतले गेले तेव्हा मंडळ मोडण्याच्या बाजूने १८२ आणि विरुद्ध २४५ मते पडली. मंडळ वाचले.

या संकटातून मॅन एक धडा शिकला. १८४१ च्या पाचव्या अहवालासाठी त्याने गिरणीमालकांना व कारखानदारांना प्रश्न धाडले : शिकलेला मजूर आणि अडाणी मजूर यांच्या कामात व मिळकतीत फरक दिसतो काय? उत्तरे आली की फरक मोठा आहे. जे सहीऐवजी खूण करतात ते पगारपत्रकाच्या तळाशी असतात. शाळेवरचा खर्च म्हणजे दान नसून संपत्ती वाढविणारे भांडवल आहे, असे सिद्ध करून त्याने धनिकांच्या पेटीला साद घातली. त्याला स्वतःला हा युक्तिवाद काहीसा हिणकस वाटे. तो याहून उच्च हेतूंविषयी लिहीपर्यंत थांबला नाही. तथापि त्याच्या बारा अहवालांपैकी सर्वांत अधिक वाचला गेला तो हाच, यात मनुष्यस्वभावाची जी ओळख पटते ती नवी नाही.

१ मे १८४३ रोजी त्याने मेरी पीबडी हिच्याशी विवाह केला आणि नवपरिणीत जोडपे यूरोपच्या प्रवासास निघाले. विवाहानंतरची ही यात्रा बहुतांशी शाळा, तुरुंग आणि इस्पितळे पाहण्यात गेली. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, जर्मनी, हॉलंड, बेल्जियम, फ्रान्स असा तो फिरला. प्रशियाच्या शाळांनी त्याला भारून टाकले. मास्तर हातात पुस्तक न घेता वर्गात उभा राहतो, मुलांशी बोलत बोलत शिकवितो. आणि इतक्या शाळा पाहूनही मास्तराने मुलाला मारल्याचे अगर शिक्षेने मूल रडत असल्याचे एकदाही दिसले नाही, असे त्याने सातव्या अहवालात लिहिले. प्रशियाची राजनिष्ठा त्याला नको होती. राजाची प्रजा घडविण्यास जी रीत चालते तीच स्वतंत्र नागरिक घडविण्यासही चालेल, अशी त्याची समजूत. आणि ती किती खरी, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

बोस्टनच्या मास्तरांना या लेखनात आपली निंदा दिसली. शहरातील एकतीस मास्तरांनी १८४४ साली दीडशे पृष्ठांच्या घरातले एक पुस्तकच उत्तरादाखल छापले. शिस्त म्हणजे धाक, आणि धाक गेला की शाळा गेली, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. मॅनने त्याहून मोठे प्रत्युत्तर छापले. त्यांनी पुन्हा लिहिले. याने पुन्हा लिहिले. या वादात मॅनची लेखणी प्रमाणाबाहेर तिखट झाली आणि काही प्रामाणिक वृद्ध मास्तरही तिने घायाळ केले, हे त्याच्या चाहत्यांनाही नाकारता येणार नाही. परंतु निकाल लावला तो वादाने नव्हे. मॅनचा जिवलग मित्र डॉ. सॅम्युएल हाउ, जो आंधळ्यांचा शिक्षक म्हणून प्रसिद्ध आहे, तो शहराच्या शाळा-समितीत निवडून आला. १८४५ साली समितीने शहरातील निवडक विद्यार्थ्यांपुढे छापील प्रश्न ठेवून लेखी उत्तरे घेतली. तोवर परीक्षा म्हणजे पाहुण्यांसमोर तोंडी घोकंपट्टीचा समारंभ असे. मुलांना पाठ येत होते, परंतु पाठात काय आहे हे येत नव्हते, असे या कागदांतून निघाले. छडीचे प्रमाण त्यानंतर कमी झाले. लेखी परीक्षा मात्र तेथून सुटली ती सुटलीच. मुलांना छडीच्या जाचातून सोडविणाऱ्याने त्यांना प्रश्नपत्रिकेच्या जाचात घातले, असे कोणी विनोदाने म्हटले तर चालण्यासारखे आहे.

धर्माचे भांडण याहून जुने होते. सार्वजनिक शाळेत कोणत्याही एका पंथाचे पुस्तक लावू नये, असा तेथे १८२७ पासूनच कायदा होता. मॅनने तो कसोशीने पाळला : बायबल वाचावे, पण त्यावर मास्तराने भाष्य करू नये. यावर कर्मठ लोक म्हणू लागले की शाळा नास्तिक झाल्या. आणि आयर्लंडमधून येणाऱ्या कॅथॉलिकांची तक्रार अशी की, हे बायबल प्रॉटेस्टंटांचे, तेव्हा ही निःपक्षपाती शाळाही प्रॉटेस्टंटांचीच. पहिल्यांना त्याने सविस्तर उत्तरे दिली. दुसऱ्यांची अडचण त्याला पुरतेपणी कधी उमगली, असे दिसत नाही.

परंतु त्याच्या कारकिर्दीतील खरा पेच आणखी खोल होता. मॅनला गुलामगिरीचा तिटकारा होता. तरीही बारा वर्षे तो जाहीरपणे त्याविषयी जवळजवळ गप्प राहिला. शाळा सर्वांच्या, चिटणीस एका पक्षाचा दिसला की दुसरा पक्ष शाळांचा पैसा तोडील, हा त्याचा हिशेब. पीअर्सनंतर लेक्सिंग्टनचा प्रमुख झालेला सॅम्युएल मे गुलामगिरीविरोधी चळवळीतला; त्याने विद्यार्थिनींना घेऊन अशाच एका सभेला जावे, यावरून मॅनने त्याची कानउघाडणी केली. बोस्टनमध्ये काळ्या मुलांसाठी निराळ्या शाळा होत्या. ज्याने शाळेतील चुलीच्या धुरापर्यंत सर्व गोष्टींवर लिहिले, त्याने या भिंतीवर अहवालांत लिहिले नाही. १८४७ साली वेंडेल फिलिप्स याने वृत्तपत्रातून हे त्याला कडक शब्दांत ऐकविले. त्याच सुमारास नॉर्मल शाळा वेस्ट न्यूटन येथे आली असताना एका काळ्या मुलीला तीत प्रवेश मिळाला आणि गावात कोणी तिला ठेवून घेईना. तेव्हा मॅनने तिला आपल्या घरी ठेवले, आपल्या पंक्तीला बसविले. घरात जे त्याने केले ते कचेरीतून बोलून दाखविले नाही. शाळा वाचविण्यासाठी हे मौन आवश्यकच होते काय? १८४० च्या मतदानाचे आकडे ध्यानात घेतले तर त्याची भीती काल्पनिक नव्हती. पण त्या निराळ्या शाळांतील मुलेही येणाऱ्या पिढीतलीच होती, आणि ते अशील या वकिलाने वाऱ्यावर सोडले, हा फिलिप्सचा आक्षेप त्याने खोडून काढला नाही. मॅसॅच्युसेट्सने असा भेद कायद्याने बंद केला तो १८५५ साली. तेव्हा मॅन त्या जागेवर नव्हता.

बारा वर्षांत घडले ते थोडक्यात असे : शाळागृहांवर वीस लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला, शाळेच्या मुदतीत सरासरीने सुमारे एक महिना वाढला, पुरुष मास्तरांचे वेतन शेकडा ६२ आणि स्त्रियांचे शेकडा ५१ वाढले. या शेवटच्या दोन आकड्यांतील तफावत बोलकी आहे. लहान मुलांची शिक्षिका म्हणून स्त्री ही पुरुषाहून श्रेष्ठ, असे मॅन हिरिरीने सांगे, आणि त्याच्या काळात शिक्षिकांची संख्या झपाट्याने वाढलीही. परंतु गावांना ते पटले त्याचे मुख्य कारण बाई निम्म्याहून कमी पैशांत मिळे, हे होते. स्त्रियांना मिळालेली ही पहिली मोठी सार्वजनिक नोकरी अशी अर्ध्या भाकरीवर मिळाली.

त्याची कीर्ती परदेशी कशी गेली याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. १८४७ साली दक्षिण अमेरिकेतील एक निर्वासित लेखक, सार्मियेंतो, वेस्ट न्यूटनला त्याच्या घरी आला. पुढे १८६८ साली तो आर्जेंटिनाचा अध्यक्ष झाला आणि त्याने अमेरिकन शिक्षिका नेऊन आपल्या देशात नॉर्मल शाळा काढल्या. घरातील स्त्रियांचा धागा तर हिंदुस्थानापर्यंत येतो. मेरीची बहीण एलिझाबेथ पीबडी हिने १८६० साली बोस्टनमध्ये बालोद्यान काढले व फ्रेबेलची पद्धत अमेरिकेत रुजविली. १८८६ नंतर पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत जाऊन जी पद्धत अभ्यासिली ती हीच, आणि तीच घेऊन त्या १८८९ साली मुंबईस शारदासदन काढण्यास परतल्या.

१८४८ च्या फेब्रुवारीत माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स हा वॉशिंग्टनच्या सभागृहातच कोसळून वारला. त्याच्या रिकाम्या जागी मॅन निवडून गेला आणि त्याच वर्षी त्याने चिटणिशी सोडली. शेवटच्या, बाराव्या अहवालात त्याने शिक्षणाला समाजयंत्राचा तोल सावरणारे चक्र म्हटले. तेथून पुढे मात्र बारा वर्षे दाबून धरलेला आवाज एकदम फुटला. सत्त्याहत्तर गुलामांना गलबतात लपवून पळवू पाहणाऱ्या ड्रेटन नामक खलाशाचे वकीलपत्र त्याने घेतले. १८५० साली पळालेल्या गुलामांना परत करण्याच्या कायद्याला डॅनियल वेब्स्टर याने पाठिंबा दिला, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या या दैवतावर मॅन तुटून पडला. १८५२ साली गव्हर्नरपदाची निवडणूक तो हरला.

उरलेली वर्षे त्याने ओहायोतील अँटिओक कॉलेजच्या प्राचार्यपदावर घालविली. मुलगे व मुली एकत्र, एकच अभ्यासक्रम, स्त्रीला प्राध्यापकाची जागा, असे ते कॉलेज. परंतु त्याचा जमाखर्च पहिल्या दिवसापासून बुडीत. १८५९ साली ते लिलावात निघाले व मित्रांनी विकत घेऊन वाचविले. त्या जूनमध्ये त्याने पदवी घेणाऱ्या मुलांपुढे भाषण केले. मानवजातीसाठी एखादा तरी विजय मिळविल्यावाचून मरण्याची लाज वाटू द्या, असे त्यात सांगितले. २ ऑगस्टला तो वारला.

सहा वर्षांनी, ४ जुलै १८६५ रोजी, बोस्टनच्या कायदेमंडळासमोर त्याचा पुतळा उभा राहिला. तो घडविला एमा स्टेबिन्स या स्त्रीने, आणि त्याच्या खर्चास शिक्षकांनी व शाळकरी मुलांनी वर्गणी दिली. त्याच हिरवळीवर पायऱ्यांच्या दुसऱ्या बाजूस त्याच्या आधीपासून डॅनियल वेब्स्टरचा पुतळा उभा होता.